रकाना तिसरा : बापाचे नाव

नगर, १० डिसेंबर १९७१

चि. रेबेका हिला आप्पाचा आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. आसाराम पोस्टमनने ते दारातून आत न टाकता माझ्या हातात दिलं आणि वर म्हणाला, "राजूरचं दिसतंय." त्याला काय करायचंय राजूरचं की आणखी कुठलं. मी पाकीट उजेडात धरून पाहिलं. एका कोपऱ्यात डिंक जास्त आहे. तो तू लावलास की मागाहून कुणी, ते कळव.

सहा वर्षांत तुझी मला तीन पत्रं, त्यातलं एक तुझी आई गेली तेव्हाचं. आणि आता एकदम चार पानी. सुरुवातीला माझ्या गुडघ्यांची चौकशी, आणि दुसऱ्या पानावर डॉक्टर. अगं, मी जन्मभर कारकुनी केली. अर्जातली खरी मागणी माणूस कुठे दडवून ठेवतो ते मला वाचायच्या आधी कळतं.

तर मला समजलं ते असं. लढाईमुळे परदेशी माणसांची तपासणी चालू आहे. तुझ्या दवाखान्याचे डॉक्टर बाउम जन्माने जर्मन, धर्माने यहूदी. पोलिसांनी त्यांचे कागद नेले, आणि जुन्या फायलीत एक शेरा निघाला : "इसम विश्वासार्ह नाही. बापाचे नाव खोटे सांगतो. सख्खा भाऊ असून ओळख नाकारतो." याच शेऱ्यापायी त्यांना इतकी वर्षं इथलं नागरिकत्व मिळालं नाही, दर साली राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागली, हे त्यांनाही आत्ताच कळलं. पंधरा जानेवारीच्या आत खुलासा झाला नाही तर देश सोडायचा. जर्मनीने त्यांचं नागरिकत्व हिटलरच्या लढाईतच काढून घेतलं होतं. आता मागितलं तर परत मिळेल, पण ज्यांनी घरातली माणसं मारली त्यांच्या दारात ते मागायला जाणार नाहीत.

एकोणचाळीस साली मी नगरच्या छावणीच्या कचेरीत होतो, म्हणून तू मला विचारतेस. होतो खरा. इंग्रजांची जर्मनीशी लढाई लागली आणि हिंदुस्थानात जितके जर्मन पुरुष होते तितके धरून इथे तारेच्या आत घातले. हिटलरचे लोक आणि हिटलरने हाकललेले यहूदी, सगळे एकाच दावणीला, कारण कागदावर सगळे जर्मन. शेकडो माणसं होती. त्यातलं एक तोंड मला बत्तीस वर्षांनी कसं आठवणार? मला काही आठवत नाही.

पण एवढं सांगतो की सरकारी शेरा कुणी उगीच मारत नाही. तू त्या माणसापासून जपून राहा.

तुझा बाप,
यशया मोझेस ओहोळ


नगर, १९ डिसेंबर १९७१

चि. रेबेका,

लढाई संपली. खिडक्यांचे काळे कागद मी काल काढले, शेजाऱ्यांचे अजून तसेच आहेत.

"आठवत नाही यावर माझा विश्वास बसत नाही, आप्पा," असं तू सरळ लिहिलंस. बापाला असं लिहितात का? बरं, थोडं आठवतं.

छावणीत आलेल्या प्रत्येकाचा पासपोर्ट जमा करून घ्यायचा आणि त्यावरून यादी करायची, हे कचेरीचं काम. पासपोर्ट पेटीत कुलपाखाली, साहेबांपुढे जायची ती फक्त यादी. पहिल्या रकान्यात नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात बापाचं नाव, चौथ्यात आडनाव. आपल्या कुठल्याही यादीत असतात तसे. त्यात एकाच दिवशी दोन बाउम आले. अर्विन इस्राएल बाउम, तेच तुझे डॉक्टर, आणि ज्युलियस इस्राएल बाउम. बाप एक, आडनाव एक, आणि म्हणतात आम्ही एकमेकांना ओळखत नाही. एक ब्रेस्लाउचा, दुसरा व्हिएन्नाचा. तूच सांग. तू रेबेका यशया ओहोळ. उद्या कुणी दीना यशया ओहोळ पुढे आली आणि म्हणाली, ही बाई कोण मला ठाऊक नाही, तर लोक काय समजतील? दोघींतली एक तरी खोटं बोलतेय, नाहीतर तुझ्या बापाने काहीतरी भानगड करून ठेवलीय.

इस्राएल हे नाव आपल्या ख्रिस्ती लोकांत नवं नाही. तुझ्या आईचे चुलते इस्राएल मास्तरच होते ना. त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पुढे साहेबांची एक कमिटी बसली. खरा निर्वासित कोण आणि निर्वासिताचं सोंग घेतलेला हेर कोण, ते ती ठरवायची. निर्वासितांना सोडायचं, बाकीच्यांना ठेवायचं. कमिटीने अर्विनला बापाचं नाव विचारलं, तर तो म्हणाला हेर्मान. यादीत इस्राएल आणि तोंडात हेर्मान. तिथेच पाल चुकचुकली. कचेरीतल्या कुणीतरी शेरा मारला. कुणी, ते विचारू नकोस, कचेरीत माणसं पुष्कळ होती.

नावं बदलून लपलेले हिटलरचे लोक अजून कुठे कुठे सापडतात, पेपरात येतं. कशावरून तुझे डॉक्टर त्यातले नाहीत? शनिवार पाळतात का ते बघ. डुकराचं मटण पुढे ठेवून बघ. आणि बापाचं नाव पुन्हा विचार, पण सहज बोलता बोलता, आणि उत्तर देताना कुठे बघतात ते लिही.

आप्पा


नगर, २८ डिसेंबर १९७१

चि. रेबेका,

नाताळला येशील असं वाटलं होतं. शेजारच्या रतनबाईंनी करंज्या आणून दिल्या आणि जाताना तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, दवाखान्यात रजा नाही. खरं काय ते त्यांना कळलंच असेल.

तू डॉक्टरांना डुकराचं मटण वाढणार नाहीस, त्यांच्या डोळ्यांवर पहाराही ठेवणार नाहीस, असं लिहिलंस. नको ठेवूस. तुझा खुलासा मात्र मी दोनदा वाचला.

म्हणजे इस्राएल हे त्यांच्या बापाचं नाव नाहीच. जर्मन सरकारने कायदा केला की एकोणचाळीसच्या एक जानेवारीपासून प्रत्येक यहूदी पुरुषाने आपल्या नावाला इस्राएल जोडायचं आणि प्रत्येक बाईने सारा, म्हणजे कागद बघताक्षणी कळावं. त्याआधी त्यांची डॉक्टरकी काढून घेतली होती. अडतीसच्या नोव्हेंबरात यहूद्यांची प्रार्थनामंदिरं जाळली, डॉक्टरांना घरातून उचलून छळछावणीत घातलं, आणि देश सोडतो असं लिहून दिल्यावर सोडलं. मग मुंबईला उतरून सहा महिने होतात न होतात तोच इंग्रजांनी धरलं. पुन्हा तार, पुन्हा हजेरी. आणि पलीकडच्या बराकीत हिटलरच्या वाढदिवसाला गाणी म्हणणारे तेच लोक.

ऐकायला सुसंगत आहे. फार सुसंगत आहे, म्हणूनच मला शंका येते. माणसाचं नाव बाप्तिस्म्याला ठेवतात, हिंदूंत बारशाला ठेवतात. सरकार जमीन घेईल, घर घेईल, तुरुंगात घालील, ते मी पाहिलं आहे. लाखो माणसांना एकाच दिवशी एकच नाव देणारं सरकार मी पाहिलं नाही. आणि पासपोर्टवरच्या त्या लाल इंग्रजी 'जे' अक्षराचं, यहूदी असल्याच्या खुणेचं, म्हणशील, तर तसला शिक्का कुणीही मारून घेईल.

दुसरं. तू त्या माणसासाठी इतकी का धडपडतेस? तुम्हा दोघांत काही आहे का? असेल तर आत्ताच सांग. मी म्हातारा झालो आहे, पण आंधळा नाही.

आप्पा


नगर, ५ जानेवारी १९७२

चि. रेबेका,

तुझं पत्र चार ओळींचं. पहिल्या ओळीत लिहितेस, डॉक्टर साठीचे आहेत, मी त्यांची नर्स आहे, आणि माझ्या बापाने असं विचारावं याची मला लाज वाटते. ती ओळ मला लागायला हवी होती तितकी लागली. पुढच्या तीन मी इथे उतरवून काढतो, म्हणजे टाळता येणार नाहीत.

"लाल 'जे'बद्दल मी तुम्हाला एक अक्षर लिहिलं नव्हतं. तो पासपोर्ट छावणीत जमा झाला, तो डॉक्टरांना परत मिळालेलाच नाही. तुम्ही तो पाहिलात कुठे, आणि शेरा तुमचा आहे का?"

होय. माझा आहे.

यादी मी केली. तिसरा रकाना मी भरला. नावानंतर बापाचं नाव, हे हाताच्या इतक्या अंगवळणी पडलेलं की समोरच्या माणसाला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. कमिटीपुढे अर्विन बाउम हेर्मान म्हणाले तेव्हा साहेबाने मान वर केली. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजी तोडकंमोडकं, आणि साहेबाची जेवायची वेळ झालेली. साहेबाने मला विचारलं, "ओहोळ, हे काय आहे?" मी म्हणालो, "सर, नावानंतर बापाचंच नाव असतं. आणि याचा भाऊ बाहेर उभा आहे." ज्युलियसला आत बोलावलं. दोघंही नाही म्हणाले. साहेब म्हणाला, माणूस हुशार आहे. म्हणजे मी. त्याच्या सांगण्यावरून शेरा लिहिला तोही मीच. दोघे बाउम एक्केचाळीस साल संपेपर्यंत आत राहिले. मी चाळीसच्या फेब्रुवारीत हेडक्लार्क झालो. तू तेव्हा आईच्या पोटात होतीस.

सहा वर्षांपूर्वी जेवताना तू सांगितलंस की राजूरला नोकरी लागली, डॉक्टरांचं नाव बाउम. मी ताट सारून उठलो. तुला वाटलं, परक्या माणसाच्या हाताखाली मुलगी नको म्हणून. तू भांडून गेलीस आणि मी तुला जाऊ दिलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मला भीती वाटली होती. एखाद्या दिवशी ते तुला छावणीची गोष्ट सांगतील, त्यात एक कारकून असेल, आणि तू माझं नाव घेशील.

पण बेटा, चूक अजाणता झाली. आपल्यातल्या कुणाही कारकुनाच्या हातून झाली असती. बारा तारखेला मी इथल्या पोलीस कचेरीत जाऊन तसं लिहून देतो. डॉक्टरांना अजून काही सांगू नकोस.

आप्पा


नगर, १३ जानेवारी १९७२

चि. रेबेका,

काल जाऊन आलो. आधी कामाचं सांगतो. शेरा चुकीचा होता असा माझा जबाब झाला, सही झाली, प्रत आजच्या टपालाने वर गेली. अधिकारी म्हणाले, मुदत वाढायला आता हरकत दिसत नाही, नागरिकत्वाचा अर्जही नव्याने करा. डॉक्टरांना जावं लागणार नाही.

आता दुसरं. हे लिहायला सकाळपासून बसलोय.

अधिकारी तरुण होता, तुझ्यापेक्षाही लहान असेल. त्याने विचारलं, "आजोबा, चूक तुमच्या लक्षात कधी आली?" मी म्हणालो, "गेल्या महिन्यात. मुलीच्या पत्रावरून." त्याने ते लिहून घेतलं. मी पेन हातात घेतलं. तो सहज फायलीची मागची पानं उलटत होता, आणि थांबला. म्हणाला, "पण हे अर्ज तर तुम्हीच दाखल करून घेतलेत."

पाच अर्ज होते. अर्विन बाउम यांनी तारेच्या आतून लिहिलेले, चाळीस सालच्या मार्चपासून मेपर्यंतचे. प्रत्येकात तेच. इस्राएल हे माझ्या बापाचं नाव नाही, ते सरकारने लादलेलं आहे. माझी आई आणि धाकटी बहीण जर्मनीतून सुटून इटलीत त्रिएस्त बंदरात आल्या आहेत, मुंबईच्या बोटी अजून चालू आहेत. हिंदुस्थानात मोकळा असलेला कुणी जामीन राहिला तरच त्यांना परवाना मिळेल. कृपा करून मला पुन्हा एकदा कमिटीपुढे उभं करा. आणि प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात माझ्या हातचं : दप्तरी दाखल. खाली सही. एकही अर्ज साहेबाच्या टेबलावर गेला नाही.

अर्ज वाचून मला नवं काही कळलं होतं असंही नाही. पहिला अर्ज आला त्याच्या आठवडाभर आधीच कळलं होतं. छावणीतल्या माणसांच्या बायकांचे पासपोर्ट तपासणीला आले होते, त्यांची यादी करायची होती. एक झाली, दोन झाल्या, पाच झाल्या, आणि प्रत्येकीच्या नावापुढे सारा. आपल्यात बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. सारा नावाचा नवरा कुणाचा असतो? आणि त्यात एक चार वर्षांची मुलगी, तिच्याही नावापुढे सारा. बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती, तिला मी विचारलं. तिने तू लिहिलंस तेच सांगितलं, त्याच तारखेसकट. मी आत आलो, दार लोटून घेतलं आणि पहिली यादी काढून बघितली. दोन बाउम.

तेव्हा साहेबाकडे गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. पण हेडक्लार्क होऊन मला महिना झाला होता, तो याच हुशारीवर. क्वार्टर मिळालं होतं, तुझी आई त्याला पडदे शिवत होती. मनाला म्हणालो, आज ना उद्या सगळे यहूदी सुटतीलच, मग मी कशाला तोंड उघडू. जूनमध्ये इटली लढाईत उतरली आणि बोटी बंद झाल्या. तू त्याच जूनमध्ये जन्मलीस. त्या मायलेकींना आधी इटलीत कुठेतरी डांबून ठेवलं, नंतर जर्मनांनी आगगाडीने पोलंडला नेलं. हे पुढचं मला काल त्या फायलीतूनच कळलं, डॉक्टरांच्या लढाईनंतरच्या अर्जातून. गाडीत होत्या इतकीच नोंद सापडते, उतरल्यानंतरची नाही. त्यांच्यासारखे साठ लाख होते. बाकीच्यांचा हिशेब जर्मनांनी द्यायचा. या दोघींसाठी मुंबईची बोट होती, आणि मधे मी होतो.

मी त्या मुलाला सांगितलं, लिहिलेलं फाडा. नव्याने लिहून दिलं की चूक मला मार्च चाळीसमध्ये कळली होती आणि मी ती लपवली. जुना कागद त्याने फाडला. मग शिपायाला सांगून त्याने मला पाणी दिलं.

हे तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. मागच्या पत्रात मी तुला "अजाणता" लिहिलं, ते खोटं होतं. एक महिना मी त्या माणसावर संशय घेत राहिलो, कारण तो खोटा निघाला असता तर मी सुटलो असतो.

डॉक्टरांना मीच सांगणार. बुधवारच्या एस.टी.ने येतो. तू स्टँडवर येऊ नकोस.

यशया


नगर, २२ जानेवारी १९७२

चि. रेबेका,

परत आलो. संगमनेरला गाडी बदलताना छत्री राहिली, ती गेली.

तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर लंकाबाईंनी मला अडवलं. "कोन पायजे, बाबा? डाक्तर आत हायेत, नंबर लावा." मी म्हणालो, मी रेबेका सिस्टरचा बाप. तर म्हणाल्या, "मंग आधी च्या घ्या. डाक्तर कुटं पळून जात न्हाई आता, ऱ्हायाची परवानगी आली त्यास्नी." माझ्या हातात कप देऊन त्या राजूरच्या बाजाराला आलेल्या प्रत्येक बाईला हे सांगत होत्या. मी तो चहा प्यालो. प्यायला नको होता.

आत काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू ड्रेसिंगच्या खोलीत होतीस. म्हणून लिहितो.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रकाना, कमिटी, बायकांचे पासपोर्ट, पाच अर्ज. मी इंग्रजीत सुरुवात केली होती, त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "मराटीत सांगा. मला इंग्रजीपरीस तीच बरी कळती." तुझ्या डोंगरातल्या पेशंटांची भाषा त्यांच्या तोंडून ऐकून मला रकान्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. पण सांगितलं. ते ऐकताना हातातली तपासायची नळी गुंडाळत होते.

मग त्यांनी एकच विचारलं. "कवा कळलं तुमाला?"

"मार्चच्या सुरुवातीला."

त्यांनी बोटं मोजली. "मार्च, एप्रिल, मे." जूनशी थांबले. "बोट हुती तवर."

मी म्हणालो, "होय."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. मला वाचायला दिलं नाही, मला ती लिपी वाचताही आली नसती. ते खाली बघूनच बोलले. "माज्या आईचं हाय. मे म्हैन्यातलं, शेवटचं. त्रिएस्तला तिच्या शेजारच्या खोलीत एक बाई हुती. तिचा पोरगा नगरलाच, माज्यासंगट. त्यो नाताळाआधी सुटला, त्यानं आईला कागद धाडला, ती बोटीनं गेली. माज्या आईनं लिवलंय, तू बी सुटलाच असशील. आमी तुला जड हुनार असू तर तसं सांग. आमी रागवनार न्हाई."

मी विचारलं, "तुम्ही उत्तर पाठवलंत ना?"

"धाडलं. ते परत आलं."

मला माफी मागायची होती, सगळ्या वाटेत तेच शब्द जुळवत आलो होतो. मागितली नाही. कुणाकडे मागायची, तेच मला त्या खोलीत कळेना. त्यांनी पत्र खणात ठेवलं, लंकाबाईंना हाक मारली आणि पुढचा पेशंट आत घ्यायला सांगितलं.

मी बाहेर आलो तेव्हा तू दारात उभी होतीस. तू विचारलंस, "आप्पा, काय म्हणाले ते?" आणि मी म्हणालो, "काही नाही."

तुझा बाप,
यशया